चाकणचा रेझ्युमे जर्मनीत का वाचला जात नाही

तुमचा प्रश्न असा: मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत, चार पानी रेझ्युमे आणि जर्मनीतून एकही उत्तर नाही. तुमचा अनुभव इथे जर्मनीत चालणारा आहे. अडचण एवढीच, की इथल्या वाचणाऱ्याला तो तुमच्या कागदावरून कळत नाही.

आधी दोन पानांवर या. करिअर ऑब्जेक्टिव्ह, वडिलांचं नाव, धर्म, पासपोर्ट नंबर, दहावीचे मार्क आणि शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे सगळं काढा. फोटो 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर ऐच्छिक झालाय. लावायचाच तर नीट काढलेला लावा, सेल्फी कापून नको.

इथे रेझ्युमेला लेबेन्सलाउफ म्हणतात आणि तो तक्त्यासारखा असतो: डावीकडे तारखा, उजवीकडे काम, सगळ्यात अलीकडचं वर. तारीख महिन्यासकट हवी, 07/2019 – 03/2022 अशी. नुसतं '2019–2022' लिहिलं की मधली गॅप लपवताय अशी शंका येते. मध्ये पाच महिने जर्मन शिकलात, तर तेही एका ओळीत लिहा.

सगळ्यात जास्त वेळ कामाच्या ओळींवर घालवा. 'क्वालिटीची जबाबदारी सांभाळली' यातून काहीच कळत नाही. भाग कोणता, प्रक्रिया कोणती, काय बदललं, आकडा किती, हे लिहा. उदाहरणार्थ: 'ब्रेक कॅलिपरची मशीनिंग लाइन, फिक्स्चरचं क्लॅम्पिंग बदलून रिजेक्शन 8 महिन्यांत 4.2 वरून 1.8 टक्क्यांवर.' आकडा तुमचा खराच हवा, कारण मुलाखतीत तो कसा मोजला हे विचारतात. आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक), 8डी (दोषाचं मूळ शोधून तो दूर करायची आठ पायऱ्यांची पद्धत), पीपॅप (उत्पादनाआधी भागाला ग्राहकाची मंजुरी) सगळेच लिहितात. इथल्या वाहन उद्योगात त्यापलीकडे नजर जाते ती व्हीडीए 6.3 या, जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या प्रोसेस ऑडिटवर. तुमचे भाग चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात जात असतील, तर त्या ऑडिटशी तुमचा संबंध आलाच असणार. तो शेवटच्या पानावर पुरू नका, पहिल्या पानावर आणा. पीपॅपचं इथलं भावंड पीपीएफ. दोन्हीतला फरक वाचून ठेवा.

आकडे लिहिण्यातही गोची आहे. रेझ्युमे जर्मन भाषेत असेल तर दशांशाला स्वल्पविराम लागतो, आणि '1.800' म्हणजे अठराशे. लाख-कोटी इथे कुणालाच कळत नाहीत. बचत रुपयांत असेल तर युरोत मांडा.

शिक्षणात मोठी गफलत होते ती डिप्लोमाची. जर्मन 'डिप्लोम' ही जुनी विद्यापीठीय पदवी होती. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तसाच लिहिला, तर कुठली तरी मोठी पदवी आहे असा गैरसमज होतो आणि पुढे प्रमाणपत्रं पाहिल्यावर विश्वास जातो. 'दहावीनंतरचा तीन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम' असं सरळ लिहा. टक्केही जर्मन श्रेणीत द्या. 72 टक्के, पासिंग 40 असेल, तर 1 + 3 × (100 − 72) ÷ (100 − 40) = 2.4. इथे 1 सर्वोत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास. अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, त्यामुळे जुनं-नवं दोन्ही नावांनी बघा.

भाषेसमोर 'चांगली' लिहू नका. ए2 किंवा बी1 अशी ठरलेली पातळी लिहा आणि मॅक्सम्युलर भवनसारख्या ठिकाणचं प्रमाणपत्र जोडा. जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्याच भाषेत. पण जर्मन ए2 असताना मशीनकडून अस्खलित भाषांतर करून पाठवलंत, तर पहिल्याच फोनवर उघडे पडाल. नोटीस पीरियड तीन महिने असेल तर तो बिनधास्त लिहा, इथेही तो पुष्कळांना असतो.

राहिलं अनुभवपत्र. जर्मन मालक देतो त्या पत्रात कामाचं वर्णन आणि मूल्यमापन असतं. आपल्याकडच्या पत्रात बहुधा पद आणि तारखा एवढंच. राजीनामा देण्याआधीच तुमच्या मॅनेजरकडून लेटरहेडवर, तुमची कामं लिहिलेलं आणि सहीचं पत्र मागून घ्या. एकदा बाहेर पडलात की एचआर ठरलेल्या साच्यातलंच पत्र देतं. हे सगळं रेझ्युमे आणि कव्हर लेटरसोबत एकाच पीडीएफमध्ये जोडा.