जंगल तुमचं, पण कार्बन कुणाचा?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमचं आठ एकर सामाईक मालकीचं जंगल आहे. ऐन, किंजळ, थोडा खैर. दर बारा-पंधरा वर्षांनी ठेकेदाराला तोडायला देतो. आता एका कंपनीचा माणूस चाळीस वर्षांचा करार घेऊन आलाय. ‘तोडू नका, कार्बन क्रेडिटचे पैसे घ्या’ म्हणतो. मुंबईचे भाऊ सहीला उतावीळ झालेत. सरकारी योजनेसाठी थांबावं का?

उत्तर : तुमच्या किंजळीला लागू पडेल अशी केंद्राची योजना अजून तयार नाही. ऑक्टोबर २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांतली (पर्यावरणाच्या कामाला क्रेडिट देणाऱ्या) वृक्षलागवड वनखात्याच्या ताब्यातल्या उजाड जमिनीवर होते. दुसरी योजना जून २०२३ ची, कार्बन क्रेडिट व्यापाराची. तिच्यात मार्च २०२५ मध्ये पहिल्या आठ पद्धती (कुठल्या कामाचं क्रेडिट कसं मोजायचं याचे नियम) मंजूर झाल्या, त्यांत झाडांच्या बाजूने फक्त खारफुटीची लागवड आहे. त्यामुळे तुमच्या दारात आलेला माणूस खासगी बाजारातला.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतून कमी झालेला, विकता येणारा एक टन कार्बन डायऑक्साइड. मी वनखात्यात असताना टेप घेऊन रानोमाळ हिंडलोय, म्हणून मोजणी सांगतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर घ्यायचा, आणि उतारावर असाल तर झाडाच्या चढाकडच्या अंगाला उभं राहून. वाळवून टनभर भरेल अशा झाडात साधारण पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. पण तो सगळा तुमच्या खात्यात पडत नाही. पैसे मिळतात ते व्याजावर, मुद्दलावर नाही. करार झाला नसता तर जेवढं जंगल उरलं असतं, त्याहून जास्त जे वाढलं तेवढंच धरायचं. तुमच्याकडे तोडीचा इतिहास आहे, म्हणून तुमचा दावा उभा राहतो. ज्या देवराईला कधी कुऱ्हाडच लागली नाही, तिला जवळजवळ काही नाही. देवराई राखणाऱ्याला हे झोंबतं, पण ही अट सैल केली की क्रेडिट नुसतं कागदी होतं. शिवाय तुमचा ठेकेदार पलीकडच्या वाडीचं रान तोडायला गेला, तर तेही वजा व्हायला हवं.

करारात पाहा : सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या आहेत का, वणव्यात जळालं तर भरपाई कोण देणार, क्रेडिट कुणाच्या नावावर चढणार, मध्येच मोडायचा झाल्यास काय. आणि राबाला (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) कवळं, म्हणजे पालेदार फांद्या, तोडता येणार का? मुंबईच्या भावांना हा प्रश्न सुचणार नाही, कारण तरवा (भाताची रोपं) त्यांना काढायचा नाही. याची उत्तरं मराठीत, लेखी मिळेपर्यंत सही करू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय (ता. कोरची, जि. गडचिरोली). सरकारने जंगलातल्या कार्बनची योजना आखली, तर आम्ही काय मागावं?

उत्तर : सगळ्यात आधी मालकीचं वाक्य. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज (लाकूड सोडून गावाच्या हक्काचं जंगलाचं उत्पन्न) म्हणून नावानिशी लिहिलेला आहे. तरी तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. कार्बनचा तर कायद्यात उल्लेखच नाही. ‘वाढीव कार्बन ग्रामसभेचा’ हे नियमातच लिहून घ्या, परिपत्रकावर विसंबू नका. परिपत्रक साहेबाबरोबर बदलतं.

दुसरं, रोपांच्या संख्येवर पैसे नकोत. ग्रीन क्रेडिटच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं आणि दोन वर्षांनी झाडामागे एक ग्रीन क्रेडिट (हे टनावरचं कार्बन क्रेडिट नव्हे) असा हिशोब होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मुदत पाच वर्षं झाली, किमान ४० टक्के छत्राची (झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेल्या जमिनीची) अटही आली. सुधारणा झाली, पण मोजणं झाडांचंच. अशा आकड्यापायी गायरानात खड्डे पडतात आणि गुरं चरायला जागा उरत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात जंगलातल्या कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत दाखवलाय, तो झाडं मोजून हिशोबात येत नाही. तुमच्याकडे तोडलेल्या सागाचे, ऐनाचे फुटवे नुसते राखले तरी रान वर येतं, रोपवाटिकेची गाडी बोलवायची गरज नाही.

तिसरं, वणवा. मोह वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) आणि राखणदारांची मजुरी आगाऊ मागा, क्रेडिट विकून मग नको. जंगल जळालं तर भरपाईसाठी काही क्रेडिट बाजूला ठेवण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या योजनेत आहे. ऑस्ट्रेलियात जंगल राखण्याची २५ किंवा १०० वर्षांची हमी निवडता येते, २५ घेतली तर क्रेडिट २० टक्के कमी. आपल्याकडेही असा छोटा पर्याय हवा. शंभर वर्षांसाठी नातवंडांना बांधून घालणारा ठराव कुठली ग्रामसभा करेल?

आणि मोजणी गावच्या पोरांनी करावी. मेघालयात मावफलांगच्या बाजूला खासी गावांनी २०११ पासून असा प्रकल्प चालवलाय, तिथे एकदा जाऊन या.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीने दोनशे झाडं लावली. क्रेडिट विकता येतील?

उत्तर : नाही. तपासणीचा खर्चच मिळकतीहून जास्त होईल. उन्हाळ्यात टँकरचं पाणी घाला.