ओवळ म्हणजे बकूळच का?

विचारलंय असं की बेळगावजवळच्या खानापूरकडची आजी ज्या फुलांना ओवळ म्हणते ती पुस्तकातल्या बकुळीचीच का, आणि हा शब्द "ओवणे"वरनं आलाय का.

झाड एकच आहे, शंकाच नको. खानापूर-जांबोटीकडं आणि घाट उतरून गोव्यात ओवळ नाहीतर ओवळी चालतं, बेळगावात बकूळ जास्त ऐकू येतं, आमचे कन्नड शेजारीपण बकुळच म्हणतात, तिकडं मंगळूरच्या बाजूला मात्र रेंजे.

आता ओवण्याचं. तसं वाटणं अगदी साहजिक आहे, कारण हे फूल गळतं तेव्हा देठाकडची तपकिरी वाटी झाडालाच राहते आणि पाकळ्यांचं चक्र तेवढं खाली पडतं, म्हणजे प्रत्येक फुलाला मधोमध आरपार भोक तयारच असतंय. मग सुईचं कामच नाही, सकाळी झाडाखालनं वेचायची आणि केळीच्या सोपटाच्या बारीक दोऱ्यात सरळ सरकवत जायचं. पण शब्दाचा रस्ता वेगळा आहे. संस्कृत बकुल, त्याचं प्राकृतात बउल झालं, दोन स्वरांच्या मधला क असा गळतोच, हिंदीत कोकिलचं कोयल झालं ते बघा की! बउल आणि ओवळ म्हणून बघा एकापाठोपाठ, बकुलचं बकूळ होतं तसाच शेवटच्या ळचापण हिशोब लागतो. मला हेच पटतं, कारण मोगरा, शेवंतीपण आपण ओवतोच, त्यांना कुणी ओवळ म्हणत नाही. आणि सोवळ्या-ओवळ्यातलं ओवळं ते निराळं, त्याची इथं गल्लत नको.

त्यामुळं आजीचा शब्द गावठी म्हणून सुधारायला जाऊ नका हो, बकूळ हा संस्कृताच्या जवळ राहिलेला आणि ओवळ हा बोलून बोलून घडलेला, मराठी दोन्ही.

लिहिताना एवढं बघा, संस्कृत रूप बकुल, त्यात कु ऱ्हस्व. मराठी बकूळ एकटा आला की कू दीर्घ, पण बकुळीचं, बकुळीला म्हटलं की परत ऱ्हस्व, फूल-फुलाचं होतं तसंच. बकुळफुलं लिहितानापण ऱ्हस्वच लिहितात. झाडाला बकूळ म्हणा, बकुळी म्हणा, दोन्ही चालतं, फुलाला मात्र आपल्याकडं बकुळीचं फूल असंच म्हणायची पद्धत आहे.