सहलीच्या वाटेवर ऑशविट्झ

प्रश्न: सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत आले आहेत. जुलैअखेर आम्ही सगळे पोलंडला जातोय, क्राकोवला चार दिवस. मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. ऑशविट्झ, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारलं ती छावणी, तिथून तास-दीड तासावर. मुलगी म्हणते, जायचंच. नवरा म्हणतो, एवढ्या जवळ जाऊन न बघता कसं यायचं. सासरे म्हणतात, ‘पैसे घालून इतक्या लांब यायचं आणि स्मशानात कसलं हिंडायचं?’ मला तिघांचंही पटतं. काय करू?

उत्तर: तुमच्या सासऱ्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांचं बरोबर आहे, तिथे हिंडायला जाऊच नये. पण कोणाकडे मृत्यू झाला की आपण भेटायला जातो ना? ‘भेटायला जाणं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साधे कपडे घालतो. हातात काही नेत नाही. गेल्यावर मोठ्याने बोलत नाही. घरच्यांना बोलायचं असेल तर ऐकतो, नसेल तर नुसतं बसून राहतो. आपल्याकडे कोण गेलं, कसं गेलं, ते पुराण तिथे लावत नाही. निघताना ‘येतो’ म्हणत नाही. ऑशविट्झला जायचं ते असं भेटायला जायचं. सासऱ्यांना याच शब्दांत सांगून बघा, मला वाटतं ते चपला घालून तयार होतील.

आता धाकट्याचं. त्याला नेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं तिथलं संग्रहालय स्वतःच सुचवतं, आणि त्याला कारण आहे. ही चूक मी केलेली आहे. माझी लेक ११ वर्षांची असताना मी तिला नेलं. अंगापिंडाने थोराड, वाचनाची आवड, समजेल सगळं असं वाटलं. समजलंच. काचेमागे बुटांचा ढीग आहे, हजारो जोड, त्यात एक लहान मुलाचा, पट्टा लावलेला. तिथे ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र कित्येक दिवस स्वतःचे बूट उशाशी घेऊन झोपायची. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी तुमच्यापैकी एकाने धाकट्याबरोबर क्राकोवला थांबावं. अनोळखी गावात आजीवर हे ओझं टाकू नका. कोणी थांबावं? ज्याच्याजवळ ‘एवढ्या जवळ आलोय’ याहून दुसरं कारण नाही, त्याने थांबावं असं माझं मत. मात्र धाकट्यापासून लपवूही नका. जर्मनीत राहता, तर तुमच्याच गल्लीत त्याच्या वयाला झेपेल अशी जागा बहुधा असेल. फुटपाथवर दगडांमध्ये बसवलेले पितळी चौकोन बघितले असतील, १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचे. त्यांना श्टॉल्परश्टाइनं म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असे दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. आता युरोपभर १ लाखाच्या वर झाले आहेत. बहुतेकांवर पहिली ओळ एकच: ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं, काय झालं. मुलाला घेऊन असा एखादा दगड शोधा. जुन्या फडक्याने पुसा, पितळ लख्ख होतं. तो विचारेल तेवढंच सांगा. वाक्य साधं ठेवा: ‘हे लोक इथे आपल्यासारखे राहत होते. ते ज्यू होते म्हणून त्यांना घरातून नेलं आणि मारलं.’ नऊ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं आणि एवढं पुरतं.

मुलीला शिकवायच्या भानगडीत पडू नका. जर्मन शाळेत हा विषय कसून शिकवतात, तिला तुमच्याहून जास्त माहीत असणार. तिलाच आजी-आजोबांना सांगू द्या, निघायच्या आधी, घरी, मराठीत. ती अडखळेल. ‘डिपोर्टेशन’ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारेल. आजोबा शब्द शोधून देतील. तिने सांगायचे आकडे असे: १९४० पासून १९४५ च्या जानेवारीपर्यंत किमान १३ लाख माणसं तिथे आणली. ११ लाख मारली गेली. त्यात सुमारे १० लाख ज्यू, सुमारे ७० हजार पोलिश, २१ हजार रोमा, १४ हजारांच्या आसपास सोव्हिएत युद्धकैदी. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौज पोचली तेव्हा छावणीत सुमारे ७ हजार माणसं जिवंत होती.

त्या २१ हजारांपाशी जरा थांबायला सांगा. रोमा लोकांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवलं गेलं. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले, आणि भाषेने ती खूण अजून जपलीय. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नख’ म्हणतात; मोजणी ‘येक, दुय, त्रिन’. बिर्केनाउमध्ये, म्हणजे ऑशविट्झच्या दुसऱ्या छावणीत, त्यांची कुटुंबंच्या कुटुंबं एका भागात ठेवली होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्यांतली उरलेली ४ हजारांहून अधिक माणसं, बायका-मुलं-म्हातारी, गॅस चेंबरमध्ये घालून मारली. तुम्ही जाताय ते दिवस नेमके त्या तारखेच्या आसपासचे आहेत. पहिल्या छावणीतल्या १३ नंबरच्या इमारतीत रोमांवरचं प्रदर्शन आहे. नेहमीच्या फेरीत ते बहुतेक सुटतं. फेरी संपल्यावर वेळ आणि पायांत बळ असेल तर मागे वळून तिथे जा. पाणी मागणारं मूल ‘पानी’ म्हणालं असेल, हे मनात आलं की मला तिथे उभं राहवत नाही, पण मी दर वेळी जाते.

निघायच्या आधी घरातल्या बोलण्याकडेही बघायला हवं. ‘हिटलर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कडक मुख्याध्यापक हिटलर, शिस्तीची आत्या हिटलर. त्याचं आत्मचरित्र आपल्याकडे स्टँडवरच्या स्टॉलवर सहज मिळतं, आणि ‘काही म्हणा, माणसाने देश उभा केला’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांत जेवणाच्या पानावर ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला त्या नावाचा अर्थ कधी कोणी दाखवलेला नसतो. हे घरीच, प्रेमाने, पण स्पष्ट बोलून घ्या. तिथल्या रांगेत तुमच्या मराठीतलं बाकी काही कोणाला कळणार नाही, तो एक शब्द मात्र सगळ्यांना कळेल. आणि पुढे उभ्या असलेल्या बाईंची आजी तिथून परत आलेली नसू शकते.

स्वस्तिकाचंही तसंच. ते आपलं आहे, उंबऱ्यावर काढतो, कलशावर काढतो, त्याची लाज बाळगायचं कारण नाही. मुलांना त्याचा आणि नाझी चिन्हाचा फरक समजावून द्या. पण सासूबाईंच्या गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल तर त्या दिवशी ते पर्समध्ये राहू द्या. समोरच्याला आपलं स्पष्टीकरण ऐकायच्या आधी ते चिन्ह दिसतं. भेटायला जाताना आपण भडक साडी नेसत नाही, त्यातलंच हे.

आणखी एक शब्द सांभाळा. ‘पोलंडची छावणी’ म्हणू नका. जर्मनीने पोलंड जिंकून तिथे ती बांधली. पहिले राजकीय कैदी पोलिशच होते, १४ जून १९४० ला आणलेले ७२८ जण. तिथल्या लोकांना ही गल्लत फार लागते. जागतिक वारसा यादीतलं नावही २००७ मध्ये याचसाठी बदलून ‘जर्मन नाझी छावणी’ असं स्पष्ट केलं गेलं.

सोयीचं थोडक्यात सांगते. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी आरक्षित करावी लागते. मार्गदर्शक घेतला तर त्याचे पैसे पडतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तो घ्यावाच. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा आणि आजच करा, उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. पास माणसाच्या नावाने निघतो आणि ओळखपत्र बघतात. पासपोर्टवर सासऱ्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ज्या क्रमाने आहे तसंच भरा. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. आत खाता येत नाही, दशम्यांचा डबा गाडीत ठेवा आणि आधीच दोन घास पोटात असू द्या. दोन्ही छावण्या मिळून साडेतीन तास धरा. मधल्या अंतराला फुकट बस आहे. पहिल्या छावणीत जिने फार, बिर्केनाउ म्हणजे नुसतं उघडं माळरान, सावली जवळजवळ नाही. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनीही, तुमच्यातलं जे कोणी धाकट्याजवळ थांबेल त्याच्याबरोबर, क्राकोवला थांबलेलंच बरं. सासऱ्यांसाठी कानात कुजबुजत भाषांतर करत बसू नका, इतरांना त्रास होतो आणि तुमचंही ऐकणं राहतं. मुलीने घरी सांगितलेलं त्यांना पुरेल, उरलेलं मधल्या बसमध्ये सांगा.

फोटो: ज्या दालनात बायकांचे केस ठेवले आहेत तिथे आणि ११ नंबरच्या इमारतीच्या तळघरात मनाईच आहे. बाकी ठिकाणी परवानगी आहे, पण माणसं उभी करून काढू नका. बिर्केनाउच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो लोक टाकायला लागले तेव्हा, २०१९ मध्ये, संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली होती. कुटुंबाच्या ग्रुपवर त्या दिवशी काही टाकायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

मुलीला एक गोष्ट आवर्जून दाखवा, पाच नंबरच्या इमारतीत. तिथे काचेमागे भांडी आहेत. एनॅमलची पातेली, झाकणं, मग. निळी, पांढरी, लाल, काठाचा मुलामा उडालेली, एकावर एक. संग्रहालयाकडे अशी सुमारे १२ हजार आहेत. लोकांना सांगितलं होतं की दुसरीकडे वसवायला नेतोय, कामाला नेतोय. म्हणून बायांनी संसार बांधून घेतला. मी पहिल्यांदा परदेशात आले तेव्हा माझ्या बॅगेत कुकर होता, पोळपाट होता, आईने नाव घालून दिलेलं पितळी पातेलं होतं. बॅगेवर बाबांनी जाड मार्करने माझं नाव, गाव, फोन लिहिला होता, हरवू नये म्हणून. भांड्यांच्या जवळच सुटकेसी आहेत. त्यांवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत नावं, जन्मतारखा, गावं. हरवू नये म्हणून.

तुमचे सासरे सांगलीचे, तर त्यांच्यासाठी वॉर्सामध्येही एक जागा आहे. लग्नाच्या बस्त्याला ते कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला नक्की गेले असतील. ते गांधीनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं. त्याआधी, १९४३ ते १९४८, त्याच जागेवर वळिवडे छावणी होती आणि तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलं होतं, तिथून सुटून ते आले. ऑशविट्झची आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे, एकत्र करू नका. पण कोल्हापूरचे आभार मानणारं स्मारक वॉर्सात उभं आहे, आणि एक दिवस वाढवता आला तर तिथे सासऱ्यांना उभं करा. हवा तर तिथे फोटो काढा.

रवांडातही असा नरसंहार झाला; तिथे राहणाऱ्या वाचकांसाठीही थोडं. राजधानी किगालीतल्या गिसोझीच्या स्मारकात अडीच लाखांहून अधिक माणसांचे अवशेष पुरलेले आहेत. १९९४ मध्ये १०० दिवसांत किमान ८ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची; मारणारे हुतू जमातीतले कट्टरवादी. तिथे ड्रायव्हरला, शेजाऱ्याला ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ असं कधीही विचारू नका. आणि ७ एप्रिलपासूनचा आठवडा त्यांच्या शोकाचा असतो. पाडवा कधीकधी त्याच आठवड्यात येतो. गुढी घरात उभारा, मंडळाचा गाण्या-नाचाचा कार्यक्रम पुढे ढकला.

परत तुमच्याकडे. क्राकोवचे सहलवाले ऑशविट्झ आणि विएलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात विकतात. घेऊ नका, संध्याकाळ मोकळी ठेवा. आल्यावर सासऱ्यांना आंघोळ करावीशी वाटेल. कोणी हसू नका, आधी त्यांना करू द्या. राहायची जागा स्वयंपाकघर असलेली घ्या आणि बेसनाची पुडी जवळ ठेवा. मयताच्या घरी शेजारून येतं तसं त्या रात्री पिठलं-भात करा, दुसरं काही नको. मुलगी जेवली नाही तर मागे लागू नका. तिचं पान झाकून ठेवा. रात्री उशिरा ती उठून स्वयंपाकघरात येईल, तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी जागं असावं.