रॅप्चर म्हणजे नेमका कसला आनंद?

तुमचा मित्र मालवणला स्कूबा करून आला आणि फोटोखाली ‘प्युअर रॅप्चर’ लिहून मोकळा झाला. आता या शब्दाचा अर्थ काय आणि आपण तो कुठे वापरायचा, असा तुमचा प्रश्न. मी मालवणचाच, त्यामुळे उत्तर द्यायला हात शिवशिवले.

मूळ लॅटिन क्रियापद ‘रापेरे’, म्हणजे झडप घालून उचलून नेणं. शिकारी पक्ष्यांना ‘रॅप्टर’ म्हणतात ते याच मुळातून. किल्ल्याजवळ समुद्रगरुड पाण्यातला मासा उचलतो, तसा माणसाला उचलून नेणारा आनंद म्हणजे रॅप्चर. भान हरपतं ते.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकली असेल तर लगेच कळेल. दोन्ही बुवा एकमेकांना कोपरखळ्या मारतात तेव्हा मंडप हसतो, खूश होतो. तिथे हा शब्द नको. पण रात्र चढल्यावर गजर सुरू होतो, पखवाज आणि झांज हातघाईवर येतात, आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या हातातला चहा तसाच साय धरतो. डोळे मिटलेले, मान ठेक्यात. आजोबांची ती अवस्था रॅप्चर. शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो तो ‘रॅप्चरस अप्लॉज’.

म्हणजे संगीत, भक्ती, प्रेम, निसर्ग इथे शब्द शोभतो. पगार वाढला किंवा बांगडे स्वस्त मिळाले तर ‘डिलाइटेड’ पुरे. अनेकवचनात मात्र किंचित थट्टाही येते: पाहुणे सोलकढीचा पहिला घोट घेऊन जे कौतुक सुरू करतात, त्याला ‘गो इंटू रॅप्चर्स’ म्हणायला हरकत नाही! ‘यूफोरिया’ डॉक्टरही वापरतात, औषधाने किंवा आजारात येणाऱ्या अवाजवी खुशीसाठी. ‘एक्स्टसी’ एका नशेच्या गोळीचं नाव असल्यामुळे स्टेटसला जपून.

‘द रॅप्चर’ असं इंग्रजीत कॅपिटल ‘R’ने लिहिलेलं दिसलं तर विषयच वेगळा. श्रद्धावान सदेह वर उचलले जातील, ही काही ख्रिस्ती पंथांची, विशेषतः अमेरिकेतल्या, धारणा आहे.

पाणबुड्यांचा ‘रॅप्चर ऑफ द डीप’ तर धोक्याचा. साधारण 30 मीटरच्या खाली गेलं की टाकीतल्या हवेतला नायट्रोजन दाबामुळे मेंदूवर चढतो. दारू प्यायल्यासारखं मस्त वाटतं, माणूस बेफिकीर होतो, हवेचा काटा बघायचंही विसरतो. जॅक कूस्टो या फ्रेंच पाणबुड्यामुळे हे नाव गाजलं. फ्रेंचमध्ये मात्र सरळ ‘नशा’च म्हटलंय. उपाय एकच, काही मीटर वर येणं.

आमच्याकडे पर्यटकांना किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यातच उतरवतात, तेव्हा मित्राचा आनंद नायट्रोजनचा नव्हे, खरा समजा. तुम्हालाही यायचं असेल तर पावसाआधी या, पावसाळ्यात सगळं बंद असतं.