मल्टिकास्ट: बहुप्रक्षेपण की गटप्रसारण?

प्रश्न असा आहे: ५जी जाळ्यावरून एकच व्हिडिओ एकाच वेळी अनेक फोनना पोचवण्याबद्दलचा मजकूर मराठीत लिहिताना 'ब्रॉडकास्ट'ला प्रक्षेपण आणि 'मल्टिकास्ट'ला बहुप्रक्षेपण म्हटले तर चालेल का?

पहिल्या शब्दाचा निकाल लवकर लागतो. प्रक्षेपण चुकीचे नाही, दूरचित्रवाणीमुळे ते रुळलेही आहे. पण उपग्रहाचेही प्रक्षेपणच होते, आणि दूरसंचारावरच्या मजकुरात दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ शकतात. आकाशवाणीच्या वापरातले प्रसारण इथे सरस. त्याला प्रसारित, प्रसारक, पुनःप्रसारण असा गोतावळाही तयार आहे. फक्त ते 'प्रसरण' होऊ देऊ नका; प्रसरण तापलेल्या धातूचे होते.

खरी अडचण 'बहु'ची आहे. बहुमजली इमारतीला मजले अनेक असतात, बहुभाषिक माणसाला भाषा अनेक येतात. बहु ज्याला चिकटतो, ते अनेक होते. त्या न्यायाने बहुप्रक्षेपण म्हणजे अनेक प्रक्षेपणे. मल्टिकास्टमध्ये अनेक असतात ते घेणारे, आणि तेही वाटेल ते नव्हेत, तर आधी सामील झालेले. इंटरनेटवर २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवले आहेत. ज्या यंत्राला त्यातल्या एखाद्या गटाचा मजकूर हवा, त्याने तसे आपल्या राउटरला कळवायचे असते. ५जीमध्येही हेच तत्त्व आहे. मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या रिलीज १७ या मानक-संचात, म्हणजे २०२२ साली, मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट ही दोन वेगळी सत्रे ठरवली गेली. मल्टिकास्ट सत्रात फोनला आधी सामील व्हावे लागते आणि जाळे त्याची परवानगी तपासते. ब्रॉडकास्ट सत्र त्या क्षेत्रातला कोणताही सक्षम फोन घेऊ शकतो, अगदी टॉवरशी चालू जोडणी नसली तरी.

म्हणून माझी सूचना: गटप्रसारण. गट म्हटले की सभासदत्व आलेच.

यावर 'एकदाच पाठवले जाते, मग सामायिक प्रसारण का नको?' असे कोणी विचारील. त्याचे उत्तर टॉवरपाशी मिळते. टॉवर एकच लहर सर्वांसाठी सोडतो तेव्हा माहितीचा वेग सर्वांत दुबळा सिग्नल मिळणाऱ्या फोनला झेपेल असा ठेवावा लागतो. क्षेत्राच्या कडेला एकच फोन असला तरी जवळच्या पन्नास फोनना त्याच्यापायी संथ वेग मिळतो. त्यामुळे रिलीज १७ ने टॉवरला मुभा दिली आहे: तो त्या एका फोनला वेगळी प्रत पाठवू शकतो. गटात दोन-तीनच फोन असले, तर प्रत्येकाकडे स्वतंत्र झोत वळवणेही स्वस्त पडू शकते. शिवाय फोन ही सोय नसलेल्या जुन्या टॉवरकडे सरकला, तर त्याची प्रत जाळ्याच्या गाभ्यापासूनच स्वतंत्र निघते. या सगळ्यात सत्र मल्टिकास्टच राहते. प्रती किती निघाल्या यावर बेतलेला शब्द इथे तुटतो. कोणाला घेण्याचा हक्क आहे यावर बेतलेला टिकतो.

सभासदत्वानंतर मल्टिकास्टची दुसरी खूण 'पोच'. या अस्सल मराठी शब्दाला पर्याय शोधू नका. मल्टिकास्टमध्ये फोन टॉवरला पोच देऊ शकतो. त्याचा एक प्रकार फार सुबक आहे: ज्यांना मजकूर नीट मिळाला ते गप्प राहतात, ज्यांना मिळाला नाही तेच एका सामाईक जागेवर तसा संकेत देतात. कोणाचे हुकले हे टॉवरला कळत नाही, पण पुन्हा पाठवायला हवे एवढे कळते. ५जीच्या ब्रॉडकास्ट सत्रात अशी पोच नसते. म्हणून 'प्रसारण मिळाल्याची पोच' असे शब्द दिसले, तर मूळ मजकुरात मल्टिकास्ट होते का, ते तपासा.

काही नावे मात्र फसवी आहेत. व्हॉट्सअॅपची 'ब्रॉडकास्ट लिस्ट' खरे तर ब्रॉडकास्ट नव्हे. निवडलेल्या लोकांना तिथे स्वतंत्र संदेश जातात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच ते मिळतात. '५जी ब्रॉडकास्ट' या नावाने युरोपात टीव्हीसाठी ज्याच्या चाचण्या झाल्या, त्याची रेडिओ-लहर ४जीच्या एलटीईवर बेतलेली आहे. ते सिमकार्डाविनाही घेता येते. रिलीज १७ मधली सोय याहून निराळी. भारतात चर्चेत असलेले 'डायरेक्ट टू मोबाइल' तर एटीएससी ३.० या दूरचित्रवाणीच्या मानकावर चालते, मोबाइल जाळ्यावर नव्हे. त्याला 'थेट मोबाइलवर प्रसारण' म्हणावे, गटप्रसारण कदापि नको.

अस्सल ब्रॉडकास्टचा नमुना हवा असेल तर सेल ब्रॉडकास्ट घ्या: २०२३ साली देशभर फोन किंचाळवत आलेले आपत्ती-इशाऱ्याचे चाचणी संदेश. त्याला क्रमांक लागत नाही, टॉवरचे क्षेत्र पुरते. जीएसएममध्ये, म्हणजे २जी जाळ्यात, त्याचे एक पान ८२ बाइटांचे असते: इंग्रजीत ९३ अक्षरे, देवनागरीत सुमारे ४० चिन्हे. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे एकट्या 'क्षे'ला चार चिन्हे खर्ची पडतात. 'प्रक्षेपण' नऊ चिन्हे खाते, 'प्रसारण' सात.