गावरान बियाणं लावलंय, पण भाजी नीट होत नाही, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कराडला आलात, भाड्याच्या घरामागं जागा होती म्हणून मालकीणबाईंनी दिलेलं गावरान बियाणं टोचलं, आता वांगी, पावटा, दोडका, घेवडा सगळं यायला लागलंय, पण यूट्यूब बघून केलं की वांगी बियांची लागतात, घेवडा शिजत नाही आणि कुठलीच भाजी एका वेळेला चौघांना पुरेल एवढी निघत नाही. शेवटचं वाचून हसू आलं, लग्न होऊन आले तेव्हा माझं पण हेच रडगाणं होतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचं आणि सासर सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ कृष्णाकाठी, त्यामुळं घेवडा तिकडं शिकले आणि वांगी इकडं. मला वाटतं तुम्ही घरात बसून पदार्थ ठरवता आणि मग बागेत जाता. बाजारातनं आणायचं असलं तर चालतं ते, एका मापाचं मिळतं. घरच्या झाडावर एक वांगं लिंबाएवढं तर शेजारचं नारळाएवढं. आधी बघायचं काय किती कोवळं आहे, मग चूल पेटवायची.

वांग्याचंच घ्या. लिंबाएवढी काटेरी असतात ती भरायला. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या आणि चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर काळी पडतात. आत शेंगदाण्याचं कूट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, चिमूटभर गूळ आणि चटणी (आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, बाहेरच्यांना पहिल्यांदा कळत नाही ते). कढईवर ताट ठेवून ताटात पाणी ओतायचं आणि भाजीला पाणी लागलं तर तेच गरम झालेलं घालायचं. मुठीएवढी झाली की सरळ फोडी करून रस्सा. त्याहून मोठं झालं आणि साल अजून चकचकीत असेल तर भरीत. इकडं मळीतल्या (म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या) वांग्याचं भरीत म्हणजे जीव की प्राण, जळगाववाल्यांनी रागावू नये. तेलाचा हात फिरवायचा, सुरीनं दोनतीन ठिकाणी टोचायचं नाहीतर फुटतं, आणि देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली की उतरवायचं. तिथंच कच्चं राहतं नेहमी. वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं दही, बास. गरम मसाला घालायचा असेल तर बाजारचं वांगं आणा ना मग, घरच्याची चव कशाला मारता?

आता बियांचं. आमच्या आत्याबाई वांग्याला हात न लावता सांगायच्या, "त्यानं तेज टाकलं, आता ते खायचं नाही." म्हणजे सालीची चकाकी गेली की आतलं बी पक्कं झालं, तुमचं तेच होत असणार, अजून मोठं होईल म्हणून तुम्ही झाडावर ठेवताय. मोठं होतं पण खायच्या लायकीचं राहत नाही. त्यातलं एखादं चांगल्या झाडाचं मात्र चिंधी बांधून तसंच ठेवा, पिवळंधमक होऊ द्या, पुढच्या वर्षीचं बी तेच.

घेवडा जर लालसर पट्ट्यापट्ट्यांचा असेल तर तो आमचा वाघ्या घेवडा. कोरेगाव भागातल्या या घेवड्याला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. शिजला की पट्टे जातात, त्यामुळं रंग गेला म्हणून घाबरू नका. हा राजम्याच्याच जातीचा, त्यामुळं अर्धाकच्चा अजिबात खायचा नाही, उलट्या जुलाब होतात. मी एकदा पाहुणे आलेत म्हणून घाईत चुलीवर नुसता मऊ होईपर्यंत मंद आचेवर ठेवला होता, ती रात्र कुणीच विसरलं नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग कुकरला लावायचा. आणि तुमचा शिजत नाही त्याचं कारण मला वाटतं टोमॅटो किंवा चिंच आधीच घालताय. आंबट पडलं की कडधान्य कडक राहतं. अंबाडीसारख्या आंबट पालेभाजीला पण हाच नियम, डाळ आधी मऊ करून घ्यायची आणि भाजी नंतर त्यात घोटायची.

पावट्याचं फार सांगत नाही, कोवळी शेंग चिरून भाजी, दाणा भरला की सोलून आमटी, वाळला की डब्यात.

आता पुरत नाही त्याचं. अहो चार वांगी, मूठभर पावटा, दोन गाजरं, घेवड्याच्या थोड्या शेंगा, हरभऱ्याचे ओले घाटे, हे सगळं जानेवारीत असंच थोडं थोडं येतं आणि त्याचीच भोगीची भाजी होते! तीळकूट घालायचं, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात ते एका दिवसापुरतं असलं तरी आमच्याकडं महिनाभर तीच मिसळ चालते. फक्त टाकायचा क्रम सांभाळा, आधी दाणे, मग गाजर, मग वांगं, नाहीतर वांग्याचा लगदा आणि पावटा टणक.

दोडका, दुधी, काकडी घरच्या बियाण्याची असेल तर चिरल्यावर एक बारीक फोड जिभेवर ठेवून बघायचीच. शेजारच्या कडू वेलाचा पराग लागून धरलेल्या बियाचा वेल कधी कधी कडू निघतो. कडू लागलं की थुंकायचं आणि ते फळ फेकायचं, मीठ लावून किंवा गूळ घालून वापरायचं नाही, ते विष शिजवून जात नाही. दुधीच्या रसाचं तर नावच नको. आणि त्या वेलाचं बी ठेवू नका.

फळाचं विचारलंय तर आत्ता पेरू असेल तुमच्याकडं. पिकून मऊ झालेले पोरं खात नाहीत, त्यांची भाजी करा, मोहरी जिऱ्याची फोडणी, हळद, तिखट, मोठ्या फोडी, थोडा गूळ, झाकण ठेवून पाचच मिनिटं. ढवळायचं कमी. कडक बिया दाताखाली येतात म्हणून आमच्या घरात म्हातारी माणसं मधला गर काढून घ्यायला लावतात, तो गर पाण्यात कुस्करून गाळला की सरबत होतं.