पहिल्यांदाच मुंबई–लंडन? आधी तिकिटावरची वेळ वाचायला शिका

पहिला प्रवास आहे, मजेत करा. नकाशावरच्या अंतराचा फार विचार नको. सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर, थेट विमानाला नऊ-दहा तास. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून बहुधा वेळ थोडा कमी लागतो.

नवखे चुकतात ते तारखेत. विमान 15 तारखेला रात्री 1:30 चं असेल, तर घरातून 14 लाच संध्याकाळी निघायचं! 15 च्या रात्री टर्मिनल 2 वर पोहोचलेल्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट हातात आल्याबरोबर घरच्या कॅलेंडरवर 14 ला गोल करा.

दुसरं, तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुपारी 2 ला निघून संध्याकाळी 7 ला उतरणं म्हणजे पाच तास नव्हे. उन्हाळ्यात त्यात साडेचार तास मिळवा (हिवाळ्यात साडेपाच), मग खरा वेळ कळतो.

आणि एवढं सांभाळा:
- विमानतळावर तीन तास आधी. कल्याण-डोंबिवलीहून येत असाल तर रस्त्याला दोन तास वेगळे धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त.
- पॉवर बँक आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत.

मधे थांबणाऱ्या स्वस्त विमानांचं गणित पुढच्या वेळी बघू. पहिल्यांदा थेटच घ्या.